उत्तर छापलंस, रीत कुठाय?

ये, बस. पाया नंतर पड. आधी तो बदामाचा डबा टेबलावर ठेव आणि माझ्याकडे बघ. दिवाळीला आईकडे आलास, चार दिवस राहिलास आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी तुला बाईंची आठवण झाली. ती का झाली, हे मला ठाऊक आहे. तुझी आई काल इथे पाऊण तास बसून गेली. समोरचा चहा निवून गेला तरी तिने कप उचलला नाही. जाताना म्हणाली, "बाई, तुमचं तरी ऐकेल." ती तुझ्या वजनासाठी आली होती असं समजू नकोस. कशासाठी आली होती, ते मी शेवटी सांगणार आहे. तोवर तू बोलायचं नाहीस. सोनारानेच कान टोचलेले बरे, आणि तुझे कान मी पाचवीपासून टोचत आलेय.

हजेरीपटावर तुझा नंबर सतरा. तिसरा बाक, खिडकीजवळचा. गणितात डोकं चांगलं, पण एक खोड होती. शेजारच्या वहीत डोकावून उत्तर बघायचं आणि खाली ठोकून द्यायचं. उत्तर बरोबर, मधली रीत गायब. मी पाचपैकी एक मार्क द्यायची आणि तू मधल्या सुट्टीत नळापाशी जाऊन डोळे पुसायचास. आज चव्वेचाळीसचा झालास आणि पुन्हा तेच केलंस. फरक एवढाच की या वेळची वही ऑफिसातल्या कुणाची तरी होती. त्याने पोळी-भात सोडला, त्याचं बारा किलो उतरलं, म्हणून तूही सोडलास. त्याला मधुमेह होता का, तो कोणत्या गोळ्या घेत होता, सोडलेल्या पोळीच्या जागी काय खात होता, हे विचारलंस? नाही. उत्तर छापलंस.

आधीच सांगते, मी उत्तराला चूक म्हणत नाही. तुला वाटलं असेल, बाई जुन्या वळणाच्या, भाताची बाजू घेऊन बसतील. अरे, मला मधुमेह होऊन सोळा वर्षं झाली. माझ्या ताटात अर्धी भाकरी असते आणि भात दोन घास, तोही शेवटी. आपल्याकडचा माणूस दिवसभरात जेवढे उष्मांक खातो त्यांतले साधारण ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, हे आय.सी.एम.आर.च्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीत दिसलं. त्याच पाहणीने २०२३ साली सांगितलं की देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर उभे आहेत. सकाळी पोहे, दुपारी पोळी, भात आणि बटाट्याची भाजी, चारला चहात बुडवून बिस्किटं, रात्री पुन्हा पोळी-भात. हे सगळं जिरवायचं कुणी? तुझ्या आजोबांनी जिरवलं, कारण ते दिवसभर औतामागे चालायचे. तू दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातोस. तेव्हा कर्बोदकं कमी करायचं ठरवलंस, ते योग्यच. मधुमेहात साखर आटोक्यात आणण्यासाठी जे आहार तपासले गेले, त्यांत कर्बोदकं कमी करण्याच्या बाजूने सर्वांत जास्त पुरावा आहे, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१९ साली म्हटलं आहे. उत्तराचा एक मार्क तुझा. उरलेल्या चारांचं बघू.

नवरात्रात काय झालं? नऊ दिवसांचे उपास आणि त्यात तुझं हे व्रत. पोळी-भात तर बंद होताच, भगर आणि रताळंही बंद. नुसतं ताक आणि मूठभर दाणे. आणि सकाळी उठून मधुमेहाच्या दोन्ही गोळ्या नेमाने घ्यायच्या. अष्टमीला जिन्यात घाम फुटला, हात कापायला लागले, जीभ जड झाली. तुझ्या बायकोने मशीनवर बघितलं तर साखर ५४. सत्तरच्या खाली गेली तरी ती कमी म्हणतात. तू तर चोपन्नावर उभा होतास, तेही जिन्यात. तिने काय केलं? पाण्यात चार चमचे साखर ढवळून तुझ्या तोंडाला लावली. महिनाभर ज्या साखरेला तू विष म्हणत होतास, तिनेच तुला उभा केला.

हे का झालं, शास्त्राच्या तासाला झोपला नसतास तर तुझं तुलाच कळलं असतं. तुझ्या दोन गोळ्यांपैकी एक स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन काढायला लावते. पोटात आज पोळी आली की ताक, हे ती गोळी बघत नाही. ठरलेल्या वेळी ढोसायचं, एवढंच तिला कळतं. पोटात पिष्ट आलं नाही आणि इन्सुलिन मात्र आलं, मग साखर खाली जाणार नाही तर काय होईल? दुसऱ्या गोळीचं नाव 'फ्लोझिन'वर संपतं. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते. ती चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली तर रक्तात कीटोन साठून आम्लता धोकादायक वाढू शकते, आणि फसवी गोष्ट अशी की त्या वेळी मशीनवर साखर फारशी वाढलेली दिसतच नाही. मळमळ होते, पोट दुखतं, धाप लागते आणि माणूस म्हणतो, पित्त झालंय. या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ सालीच इशारा दिला होता. तू तुझ्या डॉक्टरला यातलं काही सांगितलंस? नाही. का, तर "ते नको म्हणाले असते." ते नको म्हणाले नसते रे. त्यांनी गोळी कमी केली असती, बदलली असती, आठवड्याने साखर तपासून ये म्हणाले असते. आहार बदलला की औषध बदलतं. आणि आता हे ऐकून उद्या स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करशील, तर ती याच्यापुढची मोठी चूक होईल. आधी डॉक्टर, मग ताट. मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्यांनी आणि पोटुशी बाईने तर विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

तुला वाटतं हे काहीतरी नवं खूळ आहे, तुझ्या ऑफिसात जन्मलेलं. १८६३ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या माणसाने या आहारावर एक छोटी पुस्तिका छापली. त्याचा धंदा अंत्यसंस्काराचं सामान पुरवण्याचा. वय सहासष्ट, अंगाने एवढा सुटलेला की बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना उतरायचा तर पाठमोरा, एकेक पायरी करत. पाव, साखर, बटाटे, बिअर हे सोडून वर्षभरात तो सुमारे वीस किलोंनी उतरला. पुस्तिकेच्या पहिल्या प्रती त्याने फुकट वाटल्या. त्याचं नाव इतकं गाजलं की आहार आवरण्याला लोक इंग्रजीत 'बँटिंग' म्हणू लागले, आणि स्वीडिश भाषेत त्या नावाचं क्रियापद आजही वापरात आहे. पण त्या पुस्तिकेत त्याने श्रेय कुणाला दिलंय, ठाऊक आहे? आपल्या डॉक्टरला. तो ऐकू येत नाही म्हणून डॉक्टरकडे गेला आणि डॉक्टरने त्याचं ताट बदललं. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला जे सुचलं, ते तुला हातात एवढा फोन असून सुचलं नाही.

आता वजन. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरलं, म्हणून वजनकाट्याचा फोटो सगळ्यांना पाठवलास. मलाही आला. मी उत्तर दिलं नाही, कारण मला गणित येतं. आपलं यकृत आणि स्नायू मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, आणि त्याचा एकेक ग्रॅम आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कर्बोदकं तोडली की हा साठा आधी रिकामा होतो आणि त्याचं पाणी लघवीवाटे जातं. अर्धा किलो साठा, त्याचं दीड किलो पाणी, झाले दोन किलो. शिवाय इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर सोडतात, त्याच्यामागे आणखी पाणी. म्हणून तुझं डोकं दुखत होतं आणि रात्री पोटरीत गोळे येत होते. चरबीचा त्यातला वाटा थोडाच होता. बादली उपसून विहीर आटली असं तू गावभर सांगत सुटलास. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस मी पुष्कळदा बघितलाय, पण इतका पिवळा नाही.

आणि कर्बोदकं सोडली म्हणतोस, तर ती असतात कशात, हे तरी माहीत आहे का? पोळी बंद केलीस आणि ज्वारीची भाकरी दोन-दोन खायला लागलास, कारण "ज्वारीत कार्ब नसतात." कुणी सांगितलं? शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकंच असतात, गव्हाच्या पिठाइतकीच. ज्वारी चांगली, तिच्यात तंतू आहेत, पोट भरतं, सगळं खरं. पण जाडजूड भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं आणि पातळ पोळीला तीस. दोन पोळ्या सोडून दोन भाकरी खाल्ल्यास तर कर्बोदकं दुप्पट झाली. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी वाटीभरून खाल्लीस. साबुदाण्यात शंभराला ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत. उपासाला देव चालवून घेत असेल, रक्त नाही चालवून घेत. साखर सोडली म्हणून गुळाचा चहा. अरे, गूळ म्हणजे कोण? साखरेचाच सख्खा भाऊ, धोतर नेसलेला. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे. डायरीत कुठे लिहिलेत ते? एका हाताने पोळी बाजूला सारायची आणि दुसऱ्या हाताने गुळाचा खडा टाकायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असला हा कारभार.

तुपाचंही तसंच. सकाळी कॉफीत दोन मोठे चमचे तूप घालून पितोस आणि म्हणतोस, "बाई, फॅटने वजन वाढत नाही." पाचवीतलं कोष्टक म्हण. कर्बोदकं ग्रॅमला चार कॅलरी, प्रथिनं चार, स्निग्ध पदार्थ नऊ. दोन मोठे चमचे तूप म्हणजे सुमारे अडीचशे कॅलरी. ज्या दोन पातळ पोळ्या टाळल्यास म्हणून छाती फुगवतोस, त्यांत एवढ्या नव्हत्या. कर्बोदकं कमी केल्याने पुष्कळांचं वजन उतरतं ते कशाने? ताटात प्रथिनं आणि भाज्या वाढतात, भूक आवरते आणि माणूस आपसूक कमी खातो. साखर आणि मैदा गेला की त्यांच्याबरोबरचं तळणही जातं. म्हणून उतरतं. तुपाच्या वाटीत जादू नाही. रक्तातला वाईट कोलेस्टेरॉल काहींचा अशा आहाराने चांगलाच वाढतो, हेही ऐकून ठेव आणि तो तपासून घे. तुझ्या वडिलांना कशाने नेलं, ते तुझ्या आईला पुन्हा आठवायला लावू नकोस.

हा बदामाचा डबा. केवढ्याला आणलास ते सांगू नकोस, मला वाईट वाटेल. शंभर ग्रॅम बदामांत २१ ग्रॅम प्रथिनं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५. तुझ्या आईच्या माळ्यावर शेंगांचं पोतं आहे, स्वतःच्या रानातलं. आणि तू तिच्या घरात बसून परदेशी बदामाचं पीठ मागवतोस, त्याची पोळी थापायला. शेंगदाण्यात काय कमी पडलं? त्याला इंग्रजीतून कुणी शिकवलं नाही, एवढंच ना? बदाम असोत की दाणे, मूठभरच हं. दोन्ही तेलाच्या पिशव्या आहेत.

आता त्या शब्दाकडे येते. धनत्रयोदशीला आईने वरणभात वाढला तर तू ताट सरकवलंस आणि म्हणालास, "भात विष आहे." कुणाला म्हणालास? पाटणकडच्या त्या दीड बिघ्यात भात लावून तुझ्या वडिलांनी तुझी वसतिगृहाची फी भरली. विष विकून शिकलास का रे तू? आणि शास्त्राच्या बाजूनेही हा शब्द खोटाच. स्टॅनफर्डमध्ये ६०९ लोकांवर वर्षभराचा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१८ साली आला. अर्ध्यांनी कर्बोदकं कमी केली, अर्ध्यांनी स्निग्ध पदार्थ. वर्षाअखेर एका गटाचं सरासरी सहा किलो उतरलं, दुसऱ्याचं पाच किलो तीनशे ग्रॅम. हा फरक मोजण्यासारखा नाही, असं करणाऱ्यांनीच सांगितलं. दोन्ही गटांना शिकवणी मात्र एकच होती. साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, घरी शिजवलेलं खा. भात खाऊनही लोकांचं वजन उतरतं आणि भात सोडूनही उतरतं. कुणाला कुठली वाट झेपते, एवढाच प्रश्न. तुझी साखर वाढलेली आहे म्हणून तुला भात कमी करायची वाट बरी, हे मला मान्य आहे. पण जे तुला कमी करायचंय, त्याला विष म्हणायची गरज नाही. औषधाचा डोस कमी करतात, म्हणून औषधाला कुणी शिवी देत नाही.

तुझी बायको सकाळी साडेपाचला उठते. तुझी बदामाची पोळी वेगळी, मुलीचा डबा वेगळा. आठ वाजता तिची लोकल. व्रत तुझं आणि पीठ तिच्या मनगटाला. जो आहार घरातल्या दुसऱ्या माणसाला गाढवासारखा राबवतो, तो वर्षभर टिकत नाही. मधुमेहींवर झालेले अशा आहाराचे प्रयोग एकत्र तपासले, तर सहा महिन्यांपर्यंत फायदा ठळक दिसतो आणि वर्ष संपेपर्यंत फरक पुसट होत जातो. माणसं दमतात, जुन्या ताटाकडे परततात. म्हणून ताट असं लाव की एकाच स्वयंपाकात सगळ्यांचं भागेल, आणि कोशिंबिरीची काकडी तू स्वतः चिरशील. चिरता येते ना? प्रयोगवहीत बेडकाच्या आकृत्या सुबक काढायचास, तेव्हा काकडीला हरकत नसावी.

आता आई कशासाठी आली होती, ते ऐक. मान खाली घालू नकोस, इकडे बघ.

तुझी मुलगी बारा वर्षांची. गेल्या महिन्यात तिच्या डब्यातून तू पोळी काढलीस आणि चीजचे तुकडे घातलेस, कारण ती "जरा भरलीय." मुलगी वाढीला लागली की आधी आडवी भरते, मग उभी वाढते, हे तुझ्या आईला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तुला नाही. परवा रात्री अकरा वाजता तुझी आई पाणी प्यायला उठली, तर पोर स्वयंपाकघरात अंधारात फराळाच्या डब्यापाशी उभी होती. तोंडात चकली. चावत नव्हती. चावली तर आवाज होईल, बाबा उठेल, म्हणून तोंडात धरून भिजवून भिजवून गिळत होती. आजीला बघून म्हणाली, "आजी, बाबांना सांगू नको." तुझ्या आईने सांगितलं नाही. माझ्याकडे येऊन सांगितलं, आणि रडली.

कर्बोदकं जवळजवळ तोडणारा कीटो आहार लहान मुलांना देतात, हे मला माहीत आहे. तू सांगायची गरज नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी तो सुचवला, तो फेफऱ्यासाठी. औषधाने झटके आवरत नाहीत अशा मुलांना तो आजही देतात. पण कसा? डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून घास ग्रॅममध्ये तोलतात, रक्त तपासतात, वरून जीवनसत्त्वं देतात, वाढ खुंटते का यावर डोळा ठेवतात. तो उपचार आहे. तू काय केलंस? ऑफिसातल्या माणसाचं ताट बारा वर्षांच्या पोरीच्या डब्यात भरलंस. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच. वाढत्या मुलीला धान्य हवं, डाळ हवी, दूध हवं, फळ हवं आणि पळायला मैदान हवं. तिची पाकिटातली बिस्किटं आणि गोड पेयं बंद कर, मी टाळ्या वाजवेन. पण तिच्या पोळीला हात लावलास तर या वयातही मी पट्टी शोधून काढीन. तू तिला चोरून खायला शिकवलंस. दुसऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या बापाची मुलगी अंधारात चकली भिजवते. दोघांचीही खोड एकच, भीतीतून आलेली. तुझी मी काढायला हवी होती, तेव्हा मार्क कापून मोकळी झाले. ती माझी चूक. आता रीत समजावून सांगते. लिहून घे, टेबलावर पेन आहे.

पहिली गोष्ट, वजनकाट्याच्या आधी शिंप्याची टेप. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव ऐकलंयस? 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली त्यांचा आणि इंग्लंडमधल्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, दोघांचाही बी.एम.आय. २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण दिसायला बारीक आणि आतून मेदाचे, ही गोष्ट त्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांपासून मोजून दाखवली. म्हणून पोट मोज. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८०च्या आत हवी. तुझी किती आहे, ते मला सांगू नकोस. वहीत लिही.

दुसरी, ताटाचे भाग. अर्धं ताट पालेभाजी, फळभाजी, कोशिंबीर. मेथी, शेपू, अंबाडी, दोडका, दुधी, पडवळ, गवार, भेंडी, कारलं, काय हवं ते. बटाटा या अर्ध्यात बसत नाही, तो भाताच्या पंगतीतला. पाव ताट प्रथिनांचं. मोडाच्या मटकीची उसळ, हुलग्याचं पिठलं, घट्ट वरण, अंडी, मासे, दही, पनीर. उरलेल्या पावात पोळी, भाकरी किंवा भात, तिघांपैकी एक. 'इंडियाब'च्या आकडेमोडीतही हेच निघालं की आपल्या माणसाने कर्बोदकं ६२ टक्क्यांवरून पन्नाशीच्या आसपास आणली आणि प्रथिनं वाढवली, तर साखरेला पुष्कळ उतार पडेल. कीटोसारखी दिवसाला वीस ग्रॅमवर आणायची गरज सगळ्यांना नाही. तुझ्या डॉक्टरला तुला त्याहून खाली न्यायचं असेल तर ते नेतील, रक्त तपासत.

तिसरी, जेवायचा क्रम. आपल्या पंगतीत आधी वरणभात वाढतात आणि तूप पडलं की माणूस तुटून पडतो. ते उलटं कर. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा वरण, धान्य शेवटी. तेच अन्न या क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे तपासलेलं आहे. आणि जेवण झालं की शतपावली. तुझी आजी अंगणात घालायची, तेव्हा हसायचास. जेवणानंतरच्या चालण्याने स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती चालत होती. वजन उतरताना स्नायूही झिजतात, म्हणून प्रथिनांबरोबर जिना चढायचा आणि उठाबशा काढायच्या. उठाबशा तुला नव्या नाहीत.

चौथी, पेयं आणि पाकिटं. चहात साखर अर्धी कर, मग पाव, मग शून्य. गूळही त्यातच मोजायचा, मधही. 'कीटो' लिहिलेली बिस्किटं आणि 'मल्टिग्रेन' लिहिलेला पाव मागून वाच. पुढे छापलेलं विकण्यासाठी असतं, मागे छापलेलं वाचण्यासाठी.

ही झाली रीत. आता गृहपाठ. उद्या सुट्टी संपायच्या आत डॉक्टरला फोन करायचा आणि अष्टमीला काय झालं ते जसंच्या तसं सांगायचं. एक दोनशे पानी वही घ्यायची. तीत कंबर, जेवणाआधीची आणि नंतरची साखर, आणि तोंडात गेलेला प्रत्येक घास. गुळाचे आठ चमचेही. तीन महिन्यांनी एचबीए१सीची रक्ततपासणी करून ये आणि वही मला दाखव. या वेळी रीत पूर्ण असेल तर उत्तर चुकलं तरी मी चार मार्क देईन.

बदामाचा डबा घेऊन जा. बायकोला दे, तिला कुणी काही आणत नाही.

आणि आज रात्री जेवणं झाली की मुलीला हाक मार. फराळाचा डबा खाली काढ, दिवा लावून. तिला एक चकली दे, एक तू घे. मोजून एक, वहीत लिहून. आणि खाताना चांगला कडाकडा आवाज कर, तिला ऐकू जाईल असा.